तापाच्या वॉर्डातला ‘अशक्तपणा’ एकदा उलटून तपासा: विषाणूसंसर्ग आणि पक्षाघाताबद्दल खुले पत्र

प्रति,
राज्यातील फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी आणि नर्सिंग स्टाफ;
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

जुलैपासून दिवाळीपर्यंत तापाचे वॉर्ड भरलेले असतात. त्या गर्दीत केसपेपरवर ‘खूप अशक्तपणा’ एवढेच लिहिले जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या राउंडला लक्षात येते की अशक्तपणा फक्त उजव्या हातापायात आहे, म्हणजे हा पक्षाघात आहे: मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली आहे किंवा फुटली आहे. नातेवाईक सांगतात, ‘काल संध्याकाळपासूनच नीट बोलत नव्हते, आम्हाला वाटलं ताप डोक्यात गेला.’ तोवर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत उलटून गेलेली असते.

आमची विनंती दुहेरी आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाचा चेहरा, दोन्ही हात आणि बोलणे दर पाळीत एकदा तपासा. आणि पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला विचारा: गेल्या महिनाभरात ताप आला होता का? गेल्या वर्षभरात नागीण किंवा कांजिण्या झाल्या होत्या का? हे प्रश्न इतिहास पूर्ण करण्यासाठी नाहीत. उत्तर ‘हो’ आले तर तपासण्या बदलतात, औषधे बदलतात आणि कधी कधी नेहमीचे औषध देणेच घातक ठरते.

आधी कारणांबद्दल. संसर्ग झाला की शरीर रक्त गोठवण्याची यंत्रणा चेतवते. इंटरल्युकिन-६ सारखे दाहकारक पदार्थ वाढतात, रक्तवाहिनीचे आतले अस्तर दुखावते, त्यातून फॉन विलेब्रांड फॅक्टर हे चिकट प्रथिन सुटते, प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात आणि न्यूट्रोफिल पेशींनी बाहेर टाकलेल्या डीएनएच्या जाळ्यात गुठळी धरते. मानेतल्या किंवा मेंदूतल्या धमनीत चरबीचा थर आधीपासून असेल, तर दाहामुळे तो फुटू शकतो. हृदयाची लय बिघडते, कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि गुठळी तिथून मेंदूत जाते. भरीला ताप, उलट्या आणि तुटलेले जेवण, म्हणजे शरीरातले पाणी कमी. आणि एक अगदी साधे कारण, जे फार थोडे लोक विचारतात: ताप आला म्हणून रुग्णाने बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केलेल्या असतात. इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) अचानक थांबवली की पक्षाघाताचा धोका वाढतो. ॲसिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचे उलटेही होते. जेवण कमी आणि वर ॲझिथ्रोमायसिन किंवा मेट्रोनिडाझोल, की आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारा आकडा) भराभर वर जातो आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाला अँटिबायोटिक लिहून देताना तीन-चार दिवसांनी आयएनआर करायला सांगणे हा त्याच चिठ्ठीचा भाग आहे.

हा धोका नेमका केव्हा असतो? ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवर आधारलेला २००४ सालचा मोठा अभ्यास आहे. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचे प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळाच्या तुलनेत तिपटीहून थोडे अधिक होते आणि पुढच्या आठवड्यांत ते उतरत गेले. फ्लूची लस घेतल्यानंतर अशी वाढ दिसली नाही. पहिला आठवडा हा सर्वांत जोखमीचा.

कोविडने हे ठळकपणे दाखवले. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत आलेल्या १९१६ कोविड रुग्णांपैकी ३१ जणांना, म्हणजे १.६ टक्के जणांना, गुठळीमुळे पक्षाघात झाला. तिथल्याच आधीच्या वर्षांतल्या १४८६ फ्लूच्या रुग्णांत हा आकडा ३ होता, म्हणजे ०.२ टक्के. इंग्लंड आणि वेल्सच्या सुमारे ४ कोटी ८० लाख लोकांच्या नोंदींत कोविडचे निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात धमनीत गुठळी होण्याचा धोका जवळपास बावीस पट होता. सहा महिन्यांनंतर तो १.३ पटीवर आला, म्हणजे तेव्हाही पूर्ववत झाला नव्हता. या रुग्णांत मोठी धमनी बंद होण्याचे प्रमाण जास्त होते, एकाच वेळी मेंदूच्या अनेक भागांत गुठळ्या दिसत आणि पुष्कळदा नेहमीचे कारण सापडतच नसे. पन्नाशीच्या आतली माणसेही त्यात होती. १६ देशांतल्या १७४ रुग्णांच्या नोंदीत पक्षाघाताच्या तीव्रतेचा मध्यांक (० ते ४२ या मोजपट्टीवर, आकडा जास्त तितका आजार गंभीर) १० होता, कोविड नसलेल्या तुलनेच्या रुग्णांत ६. त्या १७४ पैकी ४८ जण दगावले.

या आकड्यांचा धसका घेऊन त्या काळात प्रत्येकाला डी-डायमर (गुठळीचा सुगावा देणारी रक्ततपासणी) आणि डिस्चार्जच्या वेळी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे पान देण्याची पद्धत पडली. ती चुकीची होती, आणि साथीगणिक ती परत येते म्हणून स्पष्ट लिहितो. दाखल कोविड रुग्णांना ॲस्पिरिन देऊन मृत्यू कमी होत नाहीत, हे रिकव्हरी या मोठ्या चाचणीत दिसले. हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या पूर्ण मात्रेचा उपयोग मध्यम आजारी रुग्णांना झाला, अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांना झाला नाही. घरी बसून ताप काढणाऱ्या माणसाला ‘रक्त पातळ राहू दे’ म्हणून गोळी देऊ नका. तो ताप डेंग्यूचा निघाला तर ती गोळीच अंगाशी येईल.

आता नागीण. ती आम्हाला सविस्तर लिहायची आहे, कारण इथे पक्षाघात टाळण्याची खरी संधी आहे आणि ती रोज वाया जाते. कांजिण्यांचा विषाणू चेतातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दबून राहतो. पुढे तो जागा झाला की नागीण उठते. हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने थेट मेंदूच्या धमन्यांच्या भिंतीत जाऊन तिथे वाढतो. भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते, कधी गुठळी होते, कधी भिंत कमकुवत होऊन फुगा येतो. नागिणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पक्षाघाताचा धोका साधारण दीडपटीहून अधिक असतो आणि तो सहा महिन्यांपर्यंत हळूहळू कमी होतो. कपाळावर आणि डोळ्याभोवती उठलेल्या नागिणीत तो तिपटीच्या घरात जातो, कारण चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूचेच धागे मेंदूच्या धमन्यांपर्यंत पोचलेले असतात. विषाणूरोधक औषध मिळालेल्या रुग्णांत हा धोका कमी आढळला आहे.

औषध साधे आहे: ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा, सात दिवस. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत ते सुरू व्हायला हवे. डोळ्याजवळची नागीण असेल, तर मुदत उलटली तरी द्या आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. नाकाच्या शेंड्यावर पुरळ दिसले तर डोळ्यात शिरकाव झाल्याची शक्यता मोठी. प्रत्यक्षात काय होते? नागीण उतरवून घ्यायला माणूस जाणकाराकडे जातो, गेरूचा लेप बसतो, ‘तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका’ म्हणून घरात घबराट असते, आणि दवाखान्यात तो पाचव्या-सहाव्या दिवशी आग सहन होईना म्हणून येतो. लेपाबद्दल वाद घालत बसू नका. लेप राहू द्या म्हणावे, पण गोळी आज सुरू करा. आशाताईंना एवढे एकच वाक्य शिकवले तरी पुरे: चेहऱ्यावर नागीण दिसली की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात.

नागिणीचा पक्षाघात ओळखणे अवघड जाते, कारण पुरळ आणि झटका यांत आठवडे, कधी महिने गेलेले असतात आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुरळ उठल्याचे आठवतच नाही. पाठीतले पाणी तपासताना फक्त पीसीआरवर विसंबू नका. विषाणूविरोधी आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी कितीतरी अधिक संवेदनशील आहे आणि पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून निदान बाद होत नाही. निदान पक्के झाले, किंवा संशय बळकट असला, तर शिरेतून ॲसायक्लोव्हिर १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो दर आठ तासांनी, दोन आठवडे. प्रत्येक डोस किमान तासभर सावकाश द्यायचा, रुग्णाला पुरेसे पाणी द्यायचे आणि क्रिएटिनिन पाहत राहायचे, नाहीतर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. जोडीला पहिले पाच दिवस स्टेरॉइड दिले जाते. हे उपचार न करता नुसती इकोस्प्रिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी देऊन घरी पाठवले, तर धमनीतला आजार तसाच राहतो आणि दुसरा झटका येतो.

मुलांत हीच गोष्ट कांजिण्यांनंतर वर्षभरात दिसते. धडधाकट मूल, अचानक एक हात वापरेनासे होते, स्कॅनमध्ये मेंदूच्या खोल भागात छोटा डाग आणि मधल्या धमनीची सुरुवात अरुंद. बहुतेक मुलांची धमनी पुढच्या महिन्यांत स्थिरावते किंवा सुधारते. पण फेरतपासणी चुकवायची नाही.

डेंग्यूचे गणित उलटे असते. इथे भीती मुख्यतः रक्तस्रावाची, तरी तैवानच्या मोठ्या अभ्यासात डेंग्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत एकूण पक्षाघाताचा धोका अडीच पट आढळला आहे. म्हणून स्कॅन झाल्याशिवाय हातात ॲस्पिरिन घेऊ नका. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर गुठळी विरघळवणारे औषध देता येत नाही. पावसाळी तापात अंगदुखीसाठी कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन ठोकण्याची सवय सोडायला हवी. पॅरासिटामॉल पुरे. रुग्ण आधीपासून इकोस्प्रिनवर असेल तर रोज प्लेटलेट पाहा. ५०,००० च्या खाली गेल्या तर बहुधा थांबवावी लागते, पण अलीकडे स्टेंट बसवला असेल तर तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलूनच घ्या. आणि रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्याने रक्तस्राव टळत नाही, हे नातेवाइकांना सांगण्याचे धाडस दाखवा. पपईच्या पानांच्या रसावरची चर्चा नंतर करता येईल.

तिशी-चाळिशीतल्या पक्षाघातात एचआयव्हीची तपासणी संमती घेऊन करा. कारण एकच नसते. क्षयरोगाचा किंवा क्रिप्टोकॉकसचा मेनिंजायटिस, सिफिलिस, नागिणीचा विषाणू, धमन्यांचा स्वतंत्र आजार यांतले काहीही असू शकते. मालावीतल्या अभ्यासात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू केल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत पक्षाघाताचा धोका जास्त दिसला. प्रतिकारशक्ती परतताना दाह उसळतो म्हणून. याचा अर्थ एआरटी लांबवा असा मुळीच नाही, त्या सहा महिन्यांत बीपी आणि डोकेदुखीची तक्रार हलक्यात घेऊ नका एवढाच आहे. दुसऱ्या फळीच्या औषधांत रिटोनाविर असेल तर सिमव्हास्टॅटिन अजिबात नको, आणि गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणामही कमी होतो. ॲस्पिरिन चालते.

ताप आणि लकवा एकत्र दिसला की सगळेच विषाणूवर ढकलण्याचा मोह होतो. तीन आजार इथे फसवतात. पहिला, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग. यात गुठळी विरघळवणारे औषध दिले तर मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून स्टेथोस्कोप छातीवर ठेवा आणि अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्या. दुसरा, क्षयरोगाचा मेनिंजायटिस. दोन-तीन आठवड्यांचा ताप आणि डोकेदुखी, मग झटका. तिसरा, हर्पीस सिम्प्लेक्सचा मेंदूज्वर. ताप, विचित्र वागणे, बोलण्यात गोंधळ, आकडी (फिट). हा पक्षाघातच नसतो, पण तसा भासतो, आणि ॲसायक्लोव्हिरला उशीर झाला तर मेंदूचे कायमचे नुकसान होते. चौथी एक गोष्ट मधुमेहींसाठी: कोविड आणि स्टेरॉइडनंतर चेहरा दुखणे, डोळ्याला सूज, टाळूवर काळा डाग दिसला तर म्युकरमायकोसिस समजा. ती बुरशी धमनीत शिरून पक्षाघात करते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले आहे.

शिरांतल्या गुठळीचेही लक्षात असू द्या. तापानंतर न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणे, आकडी, आणि साधा सीटी ‘नॉर्मल’. बाळंतीण किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी स्त्री असेल तर संशय दुप्पट. शिरांचा स्कॅन मागवा. इथे उपचार हेपारिन आहे, आणि गुठळीमुळे थोडा रक्तस्राव झालेला असला तरीही तेच आहे.

पहिल्या तासात काय करायचे, ते असे. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहा. ‘कधी लक्षात आले’ ही वेळ वेगळी. झोपेतून उठताना लकवा दिसला तर झोपायला जातानाची वेळ धरायची. ग्लुकोमीटरवर साखर पाहा, कारण साखर उतरली तरी हुबेहूब लकवा दिसतो. डेक्स्ट्रोजची बाटली लावू नका, नॉर्मल सलाइन लावा. बीपी २०० दिसले म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडू नका. औषध देऊन गुठळी विरघळवायची असेल तर बीपी १८५/११० च्या खाली आणायचे, नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावायचा नाही. तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही नको. गिळण्याची चाचणी बसवून, आधी चमचाभर पाण्याने, आणि ठसका लागला किंवा आवाज ओलसर झाला तर नाकातून पोटात जाणारी नळी. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असेल तरच. गुठळी विरघळवणारे औषध अल्टेप्लेज ०.९ मिलिग्रॅम प्रति किलो, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, उरलेला तासाभरात. ताप असणे किंवा विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह असणे ही ते नाकारण्याची कारणे नाहीत. नाकारण्याचे एक कारण मात्र तापाच्या वॉर्डात हमखास निसटते: गेल्या २४ तासांत पूर्ण मात्रेत एनॉक्सापॅरिन (हेपारिनचाच एक प्रकार) दिले आहे का? औषधांचा तक्ता पाहिल्याशिवाय अल्टेप्लेजचा तो पहिला भाग देऊ नका. तो मार्ग बंद असला तरी मोठी धमनी बंद असलेल्या रुग्णाची गुठळी कॅथेटरने काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. म्हणून ‘वेळ गेली’ असे परस्पर ठरवू नका, फोन करा.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बोलत नाही, हात उचलत नाही, म्हणून त्याचा पक्षाघात सर्वांत उशिरा कळतो. तिथे दर चार तासांनी डोळ्यांच्या बाहुल्या आणि चिमट्याला दोन्ही बाजूंचा प्रतिसाद पाहणे, आणि शक्य असेल त्या दिवशी गुंगीचे औषध थांबवून तपासणे, यावाचून दुसरा मार्ग नाही.

वाचलेल्यांचे पुढे काय? फुप्फुसे आधीच आजारी असल्याने न्यूमोनिया हा पहिला शत्रू. पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून हवेने दाबणारे पट्टे उपयोगी पडतात, घट्ट मोजे पडत नाहीत. उठवण्याची घाईही नको. पहिल्या २४ तासांत जोर लावून चालवलेल्या रुग्णांचे निकाल मोठ्या चाचणीत वाईट आले होते. त्यानंतर मात्र रोज, थोडे-थोडे, अनेकदा. घरी गेल्यावर कबुतराच्या रक्ताने मालिश करायला सांगणारे भेटतीलच. फिजिओथेरपीची पुढची तारीख कार्डावर लिहिलेली असली की निदान पर्याय समोर राहतो. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या अभ्यासात कोविडनंतर वर्षभर पक्षाघाताचा धोका दीडपट राहिला होता. त्यामुळे गंभीर संसर्गातून उठलेल्या माणसाचे बीपी, साखर आणि नाडीची लय वर्षभर दर महिन्या-दोन महिन्यांनी पाहावी.

आरोग्य विभागाकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि नवी इमारत कोणतीच मागत नाही. तापाच्या वॉर्डातल्या तक्त्यात तापमान आणि बीपीच्या शेजारी चेहरा, हात, बोलणे हा एक रकाना छापा. प्रत्येक जिल्ह्यात रात्री सीटी सुरू असलेल्या आणि अल्टेप्लेज साठ्यात असलेल्या रुग्णालयांची यादी करा, दर महिन्याला ताजी ठेवा आणि १०८ च्या नियंत्रण कक्षाला द्या. रुग्णवाहिका निघतानाच पुढच्या रुग्णालयाला ‘शेवटचा ठीक’ ही वेळ कळवणे सक्तीचे करा. डेंग्यूचा किंवा कोविडचा रिपोर्ट येईपर्यंत सीटी अडवून ठेवू नये, असे लेखी परिपत्रक काढा. वेगळ्या कक्षातल्या रुग्णाला मास्क लावून न्या, मशीन नंतर पुसून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या आणि उपजिल्हा रुग्णालयात इंजेक्शन कायम असू द्या. नागिणीची लस ५० वर्षांवरील लोकांसाठी देशात मिळते, दोन मात्रांत, पण ती बहुसंख्यांना परवडत नाही. किमान अवयव प्रत्यारोपण झालेल्या आणि केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांसाठी तिचा विचार व्हावा.

आणि पक्षाघाताच्या डिस्चार्ज कार्डावर व मृत्यूच्या कागदावर ‘गेल्या ३० दिवसांतला संसर्ग’ आणि ‘गेल्या वर्षातली नागीण किंवा कांजिण्या’ अशा दोन ओळी छापा. आज या नोंदी कुठेच एकत्र होत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात आपल्या राज्यात असे किती पक्षाघात होतात याचे उत्तर कोणत्याही जिल्ह्याच्या कार्यालयातून मिळत नाही.

कळावे,
मेंदूविकार, वैद्यकशास्त्र आणि अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर